सोनारकामात करिअर करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की कुणी ना कुणी पोराला घेऊन कारखान्यात येतंच, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. आमचं काम पश्चिम महाराष्ट्रातलं, पारंपरिक सोन्याचं, म्हणजे ठुशी, साज, बोरमाळ, पाटल्या, मंगळसूत्राच्या वाट्या असं, त्यामुळे उत्तरं त्या बाजूने जास्त येतील. हिरे आणि एक्सपोर्टच्या कामाबद्दल जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहिलंय.

सोनार, सराफ, ज्वेलर, डिझायनर हे सगळं एकच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. सराफ म्हणजे दुकान चालवणारा, माल घेणार, विकणार, भांडवल त्याचं, गिऱ्हाईक त्याचं. सोनार किंवा कारागीर म्हणजे प्रत्यक्ष दागिना घडवणारा. पूर्वी दोन्ही एकाच घरात असायचं, पुढे बसून विकायचं आणि मागे बसून घडवायचं, आता मोठ्या पेढ्यांमध्ये हे पूर्ण वेगळं झालंय. कारागिरांमध्ये पण परत वाटण्या आहेत, कुणी फक्त गाळायचं आणि पत्रा-तार काढायचं काम करतो, कुणी घडाई करतो, कुणी जडाई म्हणजे खडे बसवतो, कुणी छिलाई म्हणजे कोरून चमक काढतो, कुणी पॉलिश, आणि शेवटी माळ गाठवून गोंडा लावून देणारा पटवेकरी. डिझायनर कागदावर नाहीतर कॉम्प्युटरवर डिझाईन काढतो. रत्न तपासणारा जेमॉलॉजिस्ट वेगळा, हॉलमार्किंग सेंटरवर सोन्याची शुद्धता काढणारा वेगळा. त्यामुळे "मला ज्वेलर व्हायचंय" म्हणून येणाऱ्याला मी आधी विचारतो की तुला बनवायला आवडतं का विकायला आवडतं, कारण दोन्हीचे रस्ते पहिल्या दिवसापासूनच वेगळे आहेत.

पण एक मात्र ठाम मत आहे आणि खाली बऱ्याच उत्तरांत ते परत परत येईल. शेवटी काहीही व्हायचं असलं, दुकानदार, डिझायनर, काहीही, तरी काही काळ तरी हातात कानस आणि चिमटा घेऊन बसाच. ज्याने स्वतः सोनं गाळलंय, झाळलंय म्हणजे आगीवर तापवून जोडलंय, त्याला माल बघता येतो, भाव लावता येतो आणि कारागिराशी नीट बोलता येतं.

आम्ही सोनार समाजाचे नाही, घरात कुणी हा धंदा केलेला नाही. जमेल का?

जमेल. झवेरी बाजारात आज हजारो कारागीर पश्चिम बंगालमधून, मेदिनीपूर, हावडा, हुगळी या भागातून आलेले आहेत आणि त्यातले बरेच जण शेतकरी घरातले आहेत, गावातला कुणी आधी आला त्याच्या मागे बाकीचे आले. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातले विटा, खानापूर, आटपाडीचे गलाईवाले बघा, दुष्काळामुळे गाव सोडून निघाले आणि आज केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत जिथे सराफ बाजार आहे तिथे सोनं-चांदी गाळायला, शुद्ध करायला मराठी माणूस बसलेला दिसतो. यात सगळ्या जातींचे लोक आहेत.

अडचण जातीची नाही, ओळखीची आहे. सोनं हातात द्यायचं म्हणजे समोरच्याला भरवसा लागतो, त्यामुळे अनोळखी मुलाला कुणी लगेच घेत नाही. यावर उपाय म्हणजे कुणाच्या तरी ओळखीने जा, आधार कार्ड, घरचा पत्ता, आईवडिलांचा फोन नंबर सगळं स्वतःहून द्या, आणि सुरुवातीला सोनंच पाहिजे असा हट्ट धरू नका, चांदी किंवा तांब्या-पितळेवर शिका.

शिक्षण किती लागतं?

हातकामाला डिग्री लागत नाही. पण दशांश आणि टक्केवारी डोक्यात पक्की पाहिजे, चित्रकलेचा हात असेल तर फारच उत्तम. एक विनंती आईवडिलांना, अभ्यासात लक्ष नाही म्हणून पंधरा वर्षांच्या पोराला शाळा सोडवून कारखान्यात बसवू नका. तिथे आग आहे, ऍसिड आहे, गॅस आहे. बारावी होऊ दे, अठरा पूर्ण होऊ देत, तोवर सुट्टीत येऊन बघू दे, हात कुठे पळून जात नाही.

कोर्स करू का सरळ कारखान्यात बसू?

दोन्ही केलं तर सोन्याहून पिवळं. पण एकच जमणार असेल तर तुम्हाला नक्की काय व्हायचंय त्यावर आहे.

डिझाईन, कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाईन, रत्नपरीक्षा यासाठी कोर्स पाहिजेच. मुंबईत अंधेरीला आयआयजीजे म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी आहे, निर्यातदारांच्या जीजेईपीसी या कौन्सिलने काढलेली, तिथे डिझाईनपासून बेंचवर्क म्हणजे हातकामापर्यंत शिकवतात. मुंबईतच जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया रत्नांसाठी जुनी आणि मानाची संस्था आहे, १९७१ पासूनची. जीआयए या अमेरिकन संस्थेचं मुंबईत सेंटर आहे, त्यांचा ग्रॅज्युएट जेमॉलॉजिस्ट डिप्लोमा जगभर चालतो पण फी भरपूर आहे, घरच्यांशी बोलूनच ठरवा. मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठात ज्वेलरी डिझाईनची डिग्री आहे. हिऱ्याचे पैलू पाडणं, प्रतवारी करणं हे शिकायचं तर सुरतचं इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट. याशिवाय गल्लोगल्ली तीन महिन्यांत ज्वेलरी डिझायनर करून देणारे क्लासेस निघालेत, तिथे ऍडमिशन घ्यायच्या आधी एकच गोष्ट बघा, विद्यार्थ्यांना बसायला बेंच, टॉर्च आणि रोलर मशीन आहे का नुसते कॉम्प्युटर मांडलेत. नुसते कॉम्प्युटर असतील तर तो सॉफ्टवेअरचा क्लास आहे, तेवढ्याच किमतीचा समजा.

हातकाम मात्र कारखान्यातच येतं. कोर्समध्ये एक अंगठी तुम्ही आठवडाभर करता, कारखान्यात तीच गोष्ट दिवसात कितीतरी वेळा करावी लागते आणि वेगाशिवाय या कामात पोट भरत नाही.

कारखान्यात आधी काय शिकवतात? किती वर्षं लागतात?

पहिले काही महिने तुम्हाला वाटेल की आपल्याला काहीच शिकवत नाहीयेत. केर काढायचा, टाकणखार (बोरॅक्स, झाळताना लागतो) उगाळायचा, तार ओढायची, तुकडे गोळा करायचे. पण शिक्षण त्यातच चालू असतं. उदाहरणार्थ तार. गाळलेल्या सोन्याची कांब रोलरमधून काढून बारीक केली की ती जंत्रीच्या म्हणजे भोकाभोकांच्या पट्टीच्या भोकांतून एकामागून एक ओढायची, प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा किंचित लहान. दोन-चार भोकं झाली की तार कडक होते, तशीच रेटली तर तुटते, मग ती तापवून नरम करायची आणि परत ओढायची. कधी तापवायची हे कुणी सांगत नाही, हाताला जी ओढ लागते त्यावरून कळतं, आणि हे पुस्तकात वाचून येत नाही हो.

मग कानस, करवत, आणि मग सगळ्यात अवघड, झाळकाम. ठुशीचा नाहीतर बोरमाळेचा एक पोकळ मणी घ्या. पत्र्यातून गोल चकत्या काढायच्या, ठोकळ्याच्या खळग्यात ठोकून त्यांच्या वाट्या करायच्या, दोन वाट्यांचे काठ घासून असे जुळवायचे की उजेडाकडे धरलं तर मधे फट दिसता कामा नये. सांध्याला टाकणखार लावायचा, डाकाचा कण ठेवायचा, डाक म्हणजे मूळ सोन्यापेक्षा आधी वितळणारा मिश्र धातू. आता ज्योत मारायची ती मण्यावर, डाकावर नाही. मणी पुरेसा तापला की डाक आपोआप सांध्यात पळतो, एका झटक्यात चमकती रेघ दिसते, त्या क्षणी ज्योत बाजूला. अर्धा सेकंद उशीर झाला तर मणी बसतो, म्हणजे काठ वितळून आकारच जातो. आणि वाट्यांना भोक आधी पाडलेलं पाहिजे, नाहीतर आतली हवा तापून मणी फुटतो आणि डोळ्याला धोका होतो. एकाच दागिन्यात चार-पाच जोड असतील तर पहिल्या जोडाला जास्त तापमानाला वितळणारा डाक आणि पुढच्यांना उतरत्या क्रमाने कमी तापमानाचा, नाहीतर तिसरा जोड करताना पहिला सुटतो. हे सगळं हातात बसायला वर्ष-दोन वर्षं जातातच, आणि स्वतःच्या जबाबदारीवर अख्खा दागिना काढायला साधारण चार-पाच वर्षं धरा. जडाई शिकायची असेल तर ती परत वेगळी विद्या आहे.

टंच, घट, हीण, मजुरी हे काय प्रकरण आहे? हिशोब कसा असतो?

हे नीट वाचा, कारण हात चांगला असूनही हिशोब कच्चा म्हणून मागे राहिलेले कारागीर मी खूप बघितलेत.

टंच म्हणजे शुद्धता. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, म्हणून ९१६ म्हणतात, १८ कॅरेट म्हणजे ७५० आणि १४ म्हणजे ५८५. शुद्ध सोनं फार मऊ असतं म्हणून त्यात हीण मिसळावं लागतं, तांबं आणि चांदी. आता १० ग्रॅम शुद्ध सोन्याचं २२ कॅरेट करायचं तर किती हीण? दहाला ०.९१६ ने भागा, येतात १०.९१७, म्हणजे हीण साधारण ०.९१ ग्रॅम. नवीन मुलं दहाचे ८.४ टक्के काढून ०.८४ टाकतात, मग टंच चढा निघतो आणि तेवढं सोनं मालकाचं फुकट जातं. उलट चूक झाली आणि टंच उतरला तर हॉलमार्किंगला माल रिजेक्ट होतो. तांबं जास्त टाकलं की रंग लालसर, चांदी जास्त टाकली की फिकट पिवळा, आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला पिवळाधमक लागतो त्यामुळे हे प्रमाण प्रत्येक कारखान्याचं ठरलेलं असतं.

घट म्हणजे काम करताना कानस, पॉलिश, गाळणं यात जी तूट येते ती. समजा सराफाने ५० ग्रॅम दिलं. दागिना झाला ४८.६० ग्रॅम, तुकडे-कीस परत केले १.१० ग्रॅम, एकूण ४९.७०, म्हणजे ०.३० ग्रॅम कमी. ठरलेली घट दागिन्याच्या वजनाच्या एक टक्का असेल तर ती होते जवळपास ०.४९ ग्रॅम, म्हणजे ०.१९ ग्रॅम कारागिराच्या खात्यावर जमा राहिलं. हात सफाईदार असला की तूट कमी येते आणि ती बचत तुमची कमाई, मजुरी वेगळी. म्हणूनच कारखान्यात कुणी हात धुतलेलं पाणी पण ओतून देत नाही, बसकर, पायपुसणी जपून ठेवतात, साठलेला केर जाळून झारेकऱ्याकडे देतात, तो त्यातून सोन्याचे कण काढून देतो.

आता लाखेचं. बोरमाळेचा मणी, साजाची पानं ही पातळ पत्र्याची असतात, साजातली मासा, कासव, शंख अशी पानं ठशावर उठवतात आणि मागून लाख भरतात म्हणजे दबत नाहीत. ही लाख वजनातून वजा झालीच पाहिजे, आणि गिऱ्हाइकाला पावतीवर लिहून दिली पाहिजे. लाखेला सोन्याचा भाव लावणाऱ्यांमुळेच "सोनार आईला पण सोडत नाही" असली म्हण आपल्या पाठीला चिकटलीय. नवीन मुलांनी तरी ती पुसून काढावी असं मला मनापासून वाटतं.

जुन्या मापांचं पण थोडं माहीत असू द्या, आजीच्या दागिन्याचं वजन अजून त्यातच सांगतात. ८ गुंजा म्हणजे एक मासा, १२ मासे म्हणजे एक तोळा, हा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजच्या बाजारात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम.

पगार किती मिळतो?

ठराविक आकडा सांगून तुमची फसवणूक करणार नाही, गावागणिक आणि कामागणिक फार फरक आहे. पण पैसे कसे मिळतात ते सांगतो. शिकाऊ असताना जेवणखाण, राहणं आणि हातखर्च, बऱ्याच ठिकाणी एवढंच. पुढे महिना पगार, नाहीतर पीसवर किंवा ग्रॅमवर मजुरी. ग्रॅमवर मजुरी घेताना काळजी घ्या, कारण नाजूक काम वजनाला हलकं असतं, वेळ तिप्पट लागतो आणि ग्रॅमच्या हिशोबाने पैसे कमी पडतात. नथ, बुगडी, तन्मण्याचं खोड असल्या कामाला पीसवरच दर ठरवा. कॅडवाल्यांना पगार असतो किंवा फ्रीलान्स डिझाईनमागे पैसे. दिवाळी, लग्नसराई, गुढीपाडवा, अक्षय तृतीया या काळात रात्री उशिरापर्यंत काम असतं आणि पितृपक्षात किंवा भर पावसाळ्यात हात रिकामे असतात, त्यामुळे वर्षाचा हिशोब धरून चाला, चांगल्या महिन्याचा धरून नाही.

शिकायला कुठे जाऊ?

जे काम आवडतं तिथे. चांदीचं काम, पैंजण, जोडवी, छल्ले यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी. तिथे काम घरोघरी वाटलेलं असतं, एका घरात तार ओढतात, दुसऱ्या घरात झाळतात, तिसरीकडे घुंगरू लावतात, असा एकच पैंजण कितीतरी हातांतून जातो. पारंपरिक मराठी दागिन्यांसाठी कोल्हापूरची गुजरी म्हणजे तिथला सराफ बाजार आणि पुण्यातली रविवार पेठ, सोन्या मारुतीचा परिसर. दुकानदारी, काऊंटर, गिऱ्हाईक कसं सांभाळायचं ते शिकायला जळगावच्या सराफ बाजारासारखी जागा नाही, तिथल्या शुद्धतेच्या नावावर लोक बाहेरच्या जिल्ह्यांतून खरेदीला येतात. विदर्भात चांदीसाठी खामगाव. आणि सगळंच एका ठिकाणी बघायचं तर मुंबईचा झवेरी बाजार, पण तिथे राहायची जागा फार लहान आणि महाग, बरेच कारागीर जिथे काम करतात तिथेच झोपतात, हे मनाची तयारी करूनच जा. एक्सपोर्टच्या खडेकामासाठी अंधेरीचं सीप्झ, तिथे कारखान्याची शिस्त असते, पंचिंग, युनिफॉर्म, बाहेर पडताना झडती आणि पीएफ.

मुलींना या लाईनमध्ये स्कोप आहे का?

आहे, आणि होताच. हुपरी आणि आजूबाजूच्या गावांत घुंगरू लावणं, साखळ्या जोडणं हे काम वर्षानुवर्षं बायकाच करत आल्यात, फक्त त्यांना कुणी कारागीर म्हटलं नाही, मजुरी पण कमी दिली, हे चुकीचंच आहे. आता डिझाईन, कॅड, मेणाच्या पीसमध्ये खडे बसवणं, क्वालिटी चेकिंग, हॉलमार्किंग लॅब यात मुली भरपूर दिसतात. भट्टी आणि बेंचवर अजून कमी आहेत, त्याचं मोठं कारण म्हणजे लहान कारखान्यांत साधं वेगळं बाथरूम सुद्धा नसतं आणि रात्रीचं काम असतं. मालकांनी हे सुधारलं पाहिजे. माझ्याकडे कुणी मुलगी शिकायला आली तर मी आनंदाने शिकवेन, झाळकामाला जो धीर आणि जी नजर लागते ती बाई-पुरुष बघून येत नाही.

कॅड आणि थ्रीडी प्रिंटर आल्यावर हातकामाला किंमत राहील का?

आता बरंचसं काम असं चालतं की राइनो किंवा मॅट्रिक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाईन करायचं, मेणाचा किंवा रेझिनचा मास्टर प्रिंट करायचा, त्यावरून रबराचा साचा, साच्यातून मेणाचे पीस, ते झाडासारखे एका दांड्याला चिकटवून भोवती प्लास्टर ओतायचं, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं सोनं सोडायचं. एकसारख्या शंभर अंगठ्या याच पद्धतीने निघतात आणि त्यात हाताने स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

पण कास्टिंग झाल्यावर दांडा कापणं, घासणं, खडे बसवणं, जोड, पॉलिश हे हातानेच होतं. शिवाय कास्टिंगचा माल जरा जड होतो, आपली पत्र्याची पोकळ कामं, मोहनमाळ, ठुशी, वाट्या, कमी वजनात भरगच्च दिसतात ती घडाईमुळेच. आणि दुरुस्ती! प्रत्येक गावात जुनी नथ, तुटलेली साखळी, सैल झालेला खडा घेऊन माणसं फिरत असतात आणि करून देणारा सापडत नाही. माझं म्हणणं, वय विशीत असेल तर दोन्ही शिका. बेंचवर बसलेल्या मुलाने कॅड केलं तर त्याची फाईल कास्टिंगला अडत नाही, कारण पत्रा किती जाड पाहिजे, दाढेत म्हणजे खडा धरणाऱ्या नखांत खडा कसा बसतो हे त्याला हाताने ठाऊक असतं.

तब्येतीवर परिणाम होतो का?

काळजी नाही घेतली तर होतो, आणि यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे कॅडमियम. केडीएमचे दागिने म्हणून जे वर्षानुवर्षं चाललं त्यात जोडाला कॅडमियमचा डाक असायचा. कॅडमियम ७६७ अंशाला उकळतं आणि सोनं वितळतं १०६४ अंशाला, म्हणजे झाळताना त्याची वाफ होणारच, ती वाफ सरळ झाळणाऱ्याच्या छातीत जाते. फुप्फुसं आणि किडनी दोन्ही खराब करते. हॉलमार्कच्या नियमात कॅडमियमला बंदी आहे, तरी कुठे "जोड छान बसतो" म्हणून वापरत असतील तर त्या कारखान्यात एक दिवस पण बसू नका. आता जस्त, इंडियम वापरलेले डाक मिळतात.

दुसरं, सोनं शुद्ध करताना नायट्रिक ऍसिडचा जो पिवळा-तांबडा धूर निघतो तो. गलाईचं काम बंद खोलीत करायचं नाही, धूर ओढणारा पंखा पाहिजे. बाकी डोळे आणि पाठ, तासाभराने उठायचं, लांब बघायचं, उजेड डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी घ्यायचा. गॅस सिलेंडर बसण्याच्या जागेपासून लांब ठेवायचा.

स्वतःचं दुकान टाकायला काय काय लागतं?

शॉप ऍक्ट, जीएसटी नंबर (दागिन्यावर ३ टक्के, कारागिराच्या जॉबवर्कवर ५ टक्के), काट्याचं दरवर्षी वैधमापन खात्याकडून पासिंग, आणि बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी. हॉलमार्किंग १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी नंबर (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. गिऱ्हाईक बीआयएस केअर ऍपवर तो नंबर टाकून तिथल्या तिथे तपासतं. दोन ग्रॅमच्या आतला दागिना, कुंदन-पोलकी-जडाऊ आणि वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असलेला सराफ यांना सूट आहे, तरी माझा सल्ला, लहान असलात तरी नोंदणी करा, नवीन दुकानाला तोच भरवसा मिळतो.

रोखीचं बघून करा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याच्यावर रोख घेता येत नाही, आणि दोन लाखांच्या वर खरेदीला पॅन लागतो.

जुनं सोनं घेताना तर डोळ्यात तेल घालून. ओळखपत्राची झेरॉक्स, मूळ पावती असेल तर ती, दागिन्याचा फोटो, पैसे बँकेतून. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तशी शंका यायला जागा असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं, आणि गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच पोलीस माल उचलून नेतात, बाजारात नाव जातं ते वेगळंच. भाव पाडून, घाईत, पावतीशिवाय कुणी विकायला आलं तर सरळ नाही म्हणा.

भांडवल नाही. सरकारी मदत मिळते का?

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यातल्या १८ व्यवसायांत सोनार आहे. वय १८ पूर्ण, हाताने काम करणारा, घरातल्या एकाच माणसाला. ट्रेनिंगला रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि तारणाशिवाय पहिलं १ लाखापर्यंत, ते फेडलं की २ लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने. नोंदणी सीएससी म्हणजे सरकारी सेवांच्या ऑनलाईन केंद्रावर होते, आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका पडताळणी करते.

एक लाखात सोन्याचं दुकान होत नाही हे उघड आहे. पण दुरुस्ती आणि जॉबवर्कचा बेंच नक्की उभा राहतो, टॉर्च, लहान रोलर, जंत्री, कानशी, फ्लेक्सशाफ्ट मोटर (बारीक घासकाम, छिद्रं पाडायची), मिलिग्रॅमचा काटा. सोनं सराफाचं, हात तुमचे, अशी सुरुवात करा, दुकानाचा विचार चार-पाच वर्षांनी.

सोनं एवढं महाग झालंय, पुढे हा धंदा चालेल का?

२०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला एक लाखाचा टप्पा ओलांडला आणि त्याचा फटका कारागिरांना बसलाच, लोक जुनं मोडून नवं करतात, वजन कमी करतात, एक तोळ्याचं मंगळसूत्र आता अर्ध्या तोळ्यात मागतात. १८ आणि १४ कॅरेटची मागणी वाढतेय, ९ कॅरेटला पण हॉलमार्क द्यायला २०२५ मध्ये परवानगी मिळाली. मला यात कारागिराला संधी दिसते, कारण कमी वजनात भरीव दिसणारा दागिना काढणं हेच खरं कसब आहे, आणि चांदीवर सोन्याचं पाणी दिलेले ठुशी-तन्मणी तरुण मुली भरपूर घेतायत. फक्त १४ आणि ९ कॅरेटचं सोनं कडक असतं, लवकर काळवंडतं, त्याचा डाक वेगळा, तापवायची पद्धत वेगळी, ते आत्ताच शिकून घ्या.

केमिस्ट्रीत बीएस्सी केलंय, हातकाम जमणार नाही. काही आहे का?

हॉलमार्किंग सेंटर आणि रिफायनरी. एक्सआरएफ म्हणजे एक्स-रेच्या मशीनवर वरवरची तपासणी होते, पण पक्का निकाल फायर ऍसेने, म्हणजे सोन्याचा छोटा नमुना शिशाबरोबर भट्टीत घालून तांब्यासारखे हिणाचे धातू काढून टाकायचे, उरलेली चांदी नायट्रिक ऍसिडने काढायची आणि शुद्ध सोन्याचं वजन करायचं. यात मिलिग्रॅमचा दशांश पण महत्त्वाचा असतो आणि तुमच्यासारखी माणसं तिथे पाहिजेच असतात.

वय ३५ आहे, नोकरी सोडून हे शिकू का?

नोकरी लगेच सोडू नका. शनिवार-रविवारी एखाद्या कारागिराकडे चांदीवर काम शिका, सहा महिने जमतंय का बघा. या वयात बारीक जडाईला हात आणि डोळे तयार होणं अवघड जातं, पण चांदीचे हाताने केलेले दागिने, दुरुस्ती, रत्नपरीक्षा हे नक्की जमतं.

पहिल्या दिवशी जाताना काय घेऊन जाऊ?

ओळखपत्र, दोन फोटो. सुती कपडे घाला, टेरिकॉट किंवा नायलॉन आगीजवळ नको. हातातली अंगठी, गळ्यातली चेन घरी ठेवा, आत जाताना अंगावर सोनं नसलं म्हणजे बाहेर पडताना प्रश्न येत नाही. नखं कापलेली पाहिजेत. आणि एक दोनशे पानी वही, त्यात रोज तारीख टाकून दोन रकाने, किती वजन घेतलं आणि किती परत दिलं, दोन्हीकडे तुमची आणि देणाऱ्याची सही. मालक म्हणाला की अरे आपल्यात सही कशाला, तरी नम्रपणे सही घ्या.